मेहरौलीत हिंदुराव

मुक्काम मेहरौली (दिल्ली नव्हे)

आत्या,

दिवाळीला येऊन तुझ्या पुढ्यात बसून सांगितलं होतं, की माझा पत्ता कुणाला देऊ नकोस, आणि दिलासच तर ‘आमचा मच्छिंद्र दिल्लीत मोटारींच्या खात्यात असतो’ असं तरी सांगू नकोस. तू दोन्ही केलंस. दंडवत रागाच्या भरात राहिला, तो इथं घालतो. तुझे गुडघे, सूनबाई शकूचा खोकला आणि म्हशीचं मोडलेलं शिंग आता बरं असेल असं धरून चालतो. माझं विचारू नकोस. मी जिवंत आहे एवढंच.

आत्या, मेहरौली दिल्लीच्या बाहेर आहे. दिल्लीतले लोक तिला गाव म्हणतात, आणि म्हणताना तेच तोंड करतात जे पुण्याच्या पेठेतले लोक हडपसर म्हणताना करतात. इथं सरदारजीच्या दुकानात मी ट्रकची पंक्चरं काढतो आणि टायरांच्या ढिगामागं झोपतो. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हडपसरच्या हिंदुरावांना, आणि तू त्यांना शेतकी प्रदर्शनाच्या निमित्तानं, गूळ आणि तुझी चिठ्ठी देऊन, थेट माझ्या अंगावर पाठवलंस. (गूळ सरदारजीनं खाल्ला. चिठ्ठी हिंदुरावांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली. ‘सायबाच्या शेजारी खुर्ची हाय’ हे तू लिहिलंस कशाला?)

ज्या मैनेसाठी तू माझं स्थळ सुचवलंस तिचे वडील म्हणून मी त्यांना लाल किल्ला दाखवायला निघालो, तर म्हणाले, ‘किल्ल्यात का पोरगी नांदणार हाय? तुझं गाव दाव.’ मग दाखवलं. तुला सांगतो, इथं प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी बादशहा नाहीतर त्याचा माणूस पुरलेला आहे, आणि प्रत्येकापुढं उभं राहून हिंदुराव एकच विचारत होते, पाणी किती फुटांवर लागतं? बावली म्हणून एक जुनी विहीर आहे, राजवाड्यासारखी, खाली उतरत जावं अशा पायऱ्यांची. तळाशी चिखल आणि एक चप्पल. हिंदुराव वरनं बघत राहिले आणि म्हणाले, ‘येवढा दगड लावला, आन् मोटर बसवायला पैसं सरलं व्हय?’ जहाज महाल दाखवला, तर शेजारच्या तळ्यातलं शेवाळ बघून नाकाला उपरणं लावलं. भूलभुलैया म्हणून एक घुमट आहे, त्यातल्या वाटा सरकारनं बुजवून टाकल्यात. ‘मग भुलायचं कशात?’ हिंदुरावांनी विचारलं. कुतुबमिनारात वर चढायला बंदी आहे हे कळल्यावर तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू जिना मीच विकून खाल्लाय.

आत्या, हे सगळं मी का सोसलं ते तुला माहीत आहे. मी पुण्याला होतो तेव्हा मैनेनं मार्केट यार्डात आडत्याला मेथीच्या जुड्या परत मोजायला लावल्या तेव्हा मी तिथंच टायर बदलत होतो. तो ओरडला, ती नुसती उभी राहिली, शेवटी त्यानं मोजल्या. (चूक तिचीच निघाली. तरी ती तशीच उभी.) तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, आणि ते पंक्चरच्या धंद्याला बरं नाही.

तर मिनाराच्या अंगणात एक लोखंडी खांब आहे. जुनापुराणा, पण गंज नाही. त्याला पाठ लावून हात मागं न्यायचे, आणि बोटाला बोट भिडलं तर माणूस नशिबाचा, असं इथले लोक म्हणतात. हिंदुरावांनी लगेच मला उभं केलं. म्हणाले, पत्रिका पुढं बघू, आधी हे बघू. मी खांदे उपटून निघेपर्यंत ताणले. चार बोटं कमी पडली. बघायला जमलेल्या शाळेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या (त्या का वाजवल्या ते मी विचारलं नाही). ‘मैनेला हिंजवडीचंबी स्थळ आलंय, पोराकडं दोन विहिरी हायेत, बारमाही,’ असं म्हणत त्यांनी टोपी माझ्या हातात दिली आणि स्वतः पाठ लावली. तालमीतला गडी तो! बोटं भिडली, एवढंच नाही, एकमेकांत अडकवून दाखवली. मग दुसऱ्या टाळ्या झाल्या, आणि मग हिंदुराव पुढं येईनात.

त्यांचा खांदा आखडला होता. हात सोडले की खांद्यात कळ येई, धरून ठेवले की छाती फुटायची वेळ. मी एका बाजूनं, पहारेकरी दुसऱ्या बाजूनं, आणि मधे हिंदुराव, ‘अगं मैनेचे आय!’ म्हणून ओरडतायत. शेवटी शाळेच्या बाईंनी येऊन त्यांच्या काखेत गुदगुल्या केल्या. आत्या, खरंच केल्या. सुटले.

परत येताना टांग्यात त्यांनी मला शपथ घातली, की हे हडपसरात कुणाला बोलायचं नाही. मी घेतली. (तुझं घर ओढ्याच्या पलीकडं मुंढव्यात आहे, म्हणून लिहितोय.) रात्री टायरांवर माझ्या शेजारी झोपले. सकाळी स्टेशनवर एवढंच म्हणाले, अमावास्या झाली की निरोप धाडतो. निरोप काय असणार ते मला दिसतंय. संपलं, आत्या. हिंजवडीवाल्याला सुखी ठेव म्हणून देवाला सांग. मला आता बायको नको, गाव नको, विहीर नको.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. अमावास्येच्या आधी तू आणि शकू हिंदुरावांकडं जा. स्थळाचं नाव काढू नका. चार माणसं बसलेली बघून फक्त विचार, ‘खांदा कसा हाय आता?’ आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बस. कुणी सांगितलं म्हणाले, तर म्हण, मच्छिंद्रानं एवढंच कळवलंय, बाकीचं लग्नात सांगणार आहे. आपल्या लग्नात का हिंजवडीच्या, ते त्यांनी ठरवायचं.

आणखी एक. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. चोळायच्या तेलाची मोठी बाटली घे आणि पावशेर पेढे घे. तेल आधी पुढं कर. पेढे पिशवीच्या तळाशी राहू देत, ते ‘बसा’ म्हणाले तरच काढ. मनीऑर्डर वेगळी केली आहे, रुपये तीस.