साबणाचे पाय

४ फेब्रुवारी

आधी तक्रार, मग बाकीचं. मला दिलेल्या खोलीत माझ्या कपाटाची जागा एका पाण्यातल्या प्राण्याला दिलीय, जो अजून घरात आलेलाही नाही. कारण काय, तर ही खोली घरात सगळ्यात गार. म्हणजे म्हातारीला चालते, त्याला लागतेच.

बाकी सगळं छान. मुलाने सामान स्वतः वर आणलं, सुनेने नवी उशी घेतली. नात नऊ वर्षांची, एकुलती एक. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून तिच्यावर कुणी आवाज चढवत नाही. मी तिला राणीसरकार म्हणते. दाराची आतली कडी मुलाने काढून टाकलीय, मी आत पडलेबिडले तर दार उघडायला हवं म्हणून. ही वही सुनेने दिली. मनातलं लिहीत जा म्हणाली. म्हणजे बोलत जाऊ नका. चौथीपर्यंतच शिकलेय, पण तेवढं कळतं.

९ फेब्रुवारी

टाकी मांडली. तळाला बारीक वाळू. खडे नकोत, गिळतो म्हणे. नळाचं पाणी तसंच चालत नाही, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. आणि पाणी साफ करायचं यंत्र नुसत्या पाण्याच्या टाकीत महिनाभर चालू ठेवायचं, मगच पाहुण्याला आणायचं. मी आले तेव्हा पलंगावरचे खोकेसुद्धा उचललेले नव्हते. ते मीच उचलले.

१० मार्च

सगळे दुकानात गेलो. ॲक्सोलॉटल म्हणतात त्याला. नाव आहे का घसा खाकरणं! रंग पांढरट गुलाबी, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा. मानेला पिसांचे झुपके, डोळ्यांना पापण्या नाहीत. दुकानदाराने सांगितलं, झुपके दाट असलेला, समोर खाणारा, चारही पाय धड असलेला बघून घ्या, आणि एकच घ्या, दोघं असले की एकमेकांचे पाय तोडतात. राणीसरकारांनी नेमका तीन पायांचा निवडला. दुकानदार म्हणाला, हरकत नाही, पाणी गार ठेवा, पाय परत येतो, शेपूट परत येते. नातीने विचारलं, "डोकंपण येतं?"

सगळे हसले. उत्तर कुणी दिलं नाही.

२४ मार्च

नाव साबण ठेवलं, मीच. पायाच्या जागी मोड आल्यासारखा कोंब फुटलाय. त्याच्यासाठी एसी दिवसरात्र चालू, मी स्वेटर घालून बसते. गांडुळं कात्रीने कापायचं काम नातीचं. हात जराही थरथरत नाही पोरीचा. भरवायचं काम माझं. दुकानदाराने चिमट्यानेच भरवा म्हणून बजावलं होतं, पण मला चिमटा जमत नाही, मी बोटांनी भरवते.

माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या मशीनने अर्धं नेलं. साबणाला तोच थोटा तुकडा आवडतो. चोखत बसतो. नातीने विचारलं, तुझं का नाही आलं परत? म्हटलं, माणसाचं येत नाही बाई.

१६ एप्रिल

साबणाचा पाय पुरा आला. आज सकाळी पाहते तर दुसऱ्या बाजूचा गायब. टाकीशेजारी कात्री ओली. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, आई, तिला रागवू नका, जिज्ञासा आहे तिला. मुलगा म्हणाला, परत येतोय ना, मग बिघडलं काय.

साबण ओरडला नसणार. त्याला आवाजच नाही.

२९ एप्रिल

थोट्या बोटाला काहीतरी फुटलंय. मऊ, आरपार दिसणारं, नख नाही. डावा हात मनगटापर्यंत बधिर. चिंधी गुंडाळली. कुणाला सांगितलं नाही.

३ मे

मी डुलकी घेत होते, नातीने चिंधी सोडली. घाबरली नाही. शाळेच्या पट्टीने मोजलं. "आजी, तुझंपण येतं की," म्हणाली. किती लाडाने म्हणाली.

१२ मे

बोट पुरं झालं. पाण्याजवळ नेलं की आपोआप वाकतं. मुलाला दाखवलं, त्याने फोटो काढले. नशीब काढलंस म्हणाला. डॉक्टरकडे ने म्हटलं, तर म्हणतो, घरात एक तयार होतेय की. हसले सगळे.

१४ मे

दुपारी डोळा लागला. उठले तर नवं बोट नाही. मधलं पण नाही — ते माझं होतं, जन्माचं. रक्त नाही. दुखलं नाही. कात्री धुऊन खुंटीला लावलेली. साबणाचं तोंड भरलेलं. त्यातून बाहेर माझं नख —

१५ मे

सून म्हणाली, तिने आधी विचारायला हवं होतं, मी समजावते. मुलगा म्हणाला, येईल परत. म्हटलं, नाही आलं तर? त्याने एसी आणखी गार केला.

२३ मे

मशीनने नेलेलं येतंय. मधलं येत नाही. तिथे नुसतं कातडं. नातीला दाखवलं. धीर धर म्हणाली. बधिरपणा दंडाला, खांद्याला — आता मानेला. गळ्याला चिमटा काढून बघितला. काही नाही. दगड.

२४ मे

दुपार. तिघंही घरात आहेत. दाराला खुर्ची लावलीय. सरकतेय. बाहेरून नात विचारतेय, "आजी, डोकंपण येतं का गं?" दुकानातलंच. अजून कुणी सांगितलेलं नाही तिला. मी ओरडून सांगितलं, नाही येत. ती म्हणतेय, बोटाचंही तू नाहीच म्हणाली होतीस.

बाहेर टीव्ही चालू. मुलगा हसतोय —

माझं सांगणं नको. सुनेचं समजावणं नको. तिच्या बापाने उत्तर द्यायचं तिला. बापानेच. आत्ता उठायचं, इथे यायचं, आणि तिला तोंडावर सांगायचं की नाही ये