पत्र तूच लिहिलंस ना?

प्रिय ठमे,

आधी नुसतंच 'ठमे' लिहिलं होतं. तुझी आई खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, अहो, पोरीला पत्र लिहिताय की नोटीस पाठवताय. मग 'प्रिय' घातलं. आता ती गुडघ्याच्या व्यायामाला गेली आहे, त्यामुळे इथून पुढचं सगळं माझं स्वतःचं आहे.

तुझं पत्र मिळालं. कॉमर्स सोडून लेखनाचा विषय घ्यायचाय आणि मी हो म्हटल्याशिवाय घेणार नाहीस, असं त्यात आहे. आईचा होकार तुला पोचलाच असेल. तिने पत्र वाचून डोळे पुसले आणि चष्मा न लावताच पुन्हा वाचायला घेतलं. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. माझी अडचण वेगळी आहे. पत्र फारच चांगलं आहे. इतकं चांगलं, की ते तू लिहिलं असशील यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या कोणाच्या लेखणीच्या जोरावर तू लेखिका व्हायला निघालीस, तर उद्या तोंडघशी पडशील ती तू, तो दुसरा नाही.

रागावू नकोस. माझा सगळा जन्म विमा कंपनीत क्लेम तपासण्यात गेला. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, चोरीला गेलेल्या आणि मुळात कधी घेतल्याच नव्हत्या अशा वस्तू. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागे जातो, नको ते सांगत बसतो. खोटं बोलणारा न थांबता शेवटपर्यंत जातो. तुझं पत्र न थांबता शेवटपर्यंत गेलं होतं, म्हणून मनात पाल चुकचुकली.

तू कॉलेजसाठी हॉस्टेलला गेलीस तेव्हाची तुझी पत्रं मी ठेवली आहेत. फोनवर तू नुसतं हं हं करतेस म्हणून दर आठवड्याला पत्र लिहायची अट मीच घातली होती, आणि तू ती सूड घेतल्यासारखी पाळलीस. मी मजेत आहे, खोली ठीक आहे, जेवण ठीक आहे, तुम्ही काळजी घ्या. चार ओळींत कारभार आटोपायचा. मग तुम्हाला सगळ्यांना सक्तीचा असलेला तो कोर्स सुरू झाला, आपलं म्हणणं मांडायचं कसं आणि समोरच्याला पटवायचं कसं, ते शिकवणारा. शिकवणाऱ्या बाई सगळ्यांचं लिखाण कापून अर्धं करतात म्हणून तुम्ही त्यांना कात्रीबाई म्हणता, असं तूच लिहिलं होतंस. मला तेव्हाच वाटलं होतं, पटवायला शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ कशी फेकावी ते शिकवणं. ती धूळ झटकण्यावर तर माझी उपजीविका चालली होती.

त्यानंतरची तुझी पत्रं म्हणजे विचारू नकोस. प्रत्येक वाक्यात 'खूप' आणि 'अतिशय', आणि ओळीने प्रश्न. माणूस घर का सोडतो, घर त्याला सोडतं का, मुळात घर म्हणजे काय. मी आईला विचारलं, हिला ताप वगैरे आहे का. मग एकदम कात्री लागलेली दिसली. प्रश्न गेले, 'खूप' गेलं, आणि कपाट आलं. कपाटाचं दार उघडलं की पलंगावर आपटतं, म्हणून तू आणि तुझी खोलीतली मैत्रीण एका वेळी कपडे बदलू शकत नाही, आणि रोज सकाळी त्यावरून भांडता. ते वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं बोलणारा माणूस कपाटाचं दार घालत नाही. त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हटलं, पोरगी बरं लिहायला लागली. तुला हे कळवायचं नाही असंही तिला बजावलं, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढायला नको.

मग ते गुडघ्याचं पत्र आलं. डॉक्टरकडे चल म्हणून मी किती वर्षं तिच्या कानीकपाळी ओरडत होतो, तुला माहीत आहे. तू एक पानभर लिहिलंस. सुरुवातीलाच म्हणालीस की आई, न जाण्यात तुझं काही चुकत नाही, डॉक्टर लोक ताटकळत ठेवतात आणि वर घाबरवतात. मला वाटलं, ही माझ्या बाजूची की तिच्या. मग हळूच विचारलंस की बाजारातून येताना तू वाटेत ओळखीच्या बायकांशी बोलायला थांबतेस, ते गप्पांसाठी की गुडघ्यासाठी. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती आपणहून डॉक्टरची वेळ घेऊन मोकळी. आई खूश झाली, आणि मी मात्र झोपाळ्यावर बसून विचार करत राहिलो. माझी मुलगी भांडायची, पाय आपटायची, दार लावून घ्यायची. समोरच्याचं आधी कबूल करून मग त्याला वळवायचं, हे तिच्यात आलं कुठून? त्यात मधूनच तुझ्या पत्रांत 'आम्ही' यायला लागलं. आम्ही वाचनालयात बसलो, आम्ही तो परिच्छेद पुन्हा लिहिला. आम्ही म्हणजे कोण, हे एकाही पत्रात नव्हतं. अक्षर तुझंच होतं, पण अक्षराचं काय, कोणीही सांगतो आणि कोणीही उतरवून घेतो.

म्हणून मी तपासायला आलो. आईला सांगितलं, जुन्या ऑफिसातल्या मित्राला बघायला जातो. तुझ्या कॉलेजच्या वॉचमनला सांगितलं, आग विझवायची नळकांडी तपासायला आलोय. त्याने मला इमानदारीने सगळे मजले फिरवून दाखवले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन नळकांड्यांची मुदत संपली आहे, ते कोणाच्या तरी कानावर घाल. तुमच्या वर्गाच्या दाराशेजारीच एक टांगलंय. त्याच्यासमोर मी वही उघडून उभा राहिलो. दार अर्धवट लोटलेलं होतं. तू खिडकीकडच्या बाकावर होतीस, माझ्याकडे पाठ करून, केस कापलेले. तेही पत्रात नव्हतं.

आत एक लांब मानेचा मुलगा उभा राहून वाचत होता. आणि ठमे, तो माझं घर वाचत होता. बैठकीतली ओल आलेली भिंत, तुझ्या आईचं बंद पडलेलं शिवणयंत्र, मी घरात आल्यावर आधी सगळ्या खिडक्यांच्या कड्या बघतो ते, सगळं त्या पोराच्या तोंडी. 'माझे बाबा' म्हणत होता. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. सापडला, म्हटलं. हाच तो 'आम्ही'. हाच लिहितो, माझी मुलगी घरातलं एकेक त्याला सांगते आणि उतरवून घेते. गेल्या गेल्या आईला सांगायचं आणि तुला घरी बोलावून घ्यायचं, असं ठरवून मी वही मिटली. मी नऊ वर्षांची होते, असं तो पोरगा घोगऱ्या आवाजात म्हणाला तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एकदा संशय बसला की माझं असं होतं.

वाचून झालं तसे सगळे आक्षेप घ्यायला लागले. कात्रीबाई मधेच म्हणाल्या, जिचं लिखाण आहे तिने गप्प बसायचं, नियम माहीत आहे ना. आणि सगळा वर्ग तुझ्याकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की तुमच्याकडे एकाने लिहायचं, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, अशी पद्धत आहे. हे तू कधीतरी लिहिलं असशीलही, मी तिथे लक्ष दिलं नसेन. तरीही मी जागचा हललो नाही. वाचणारा दुसरा असला म्हणून लिहिणारी तूच, हे कशावरून? वर्गाला फसवणं मला फसवण्यापेक्षा सोपं आहे.

त्या लिखाणात तू नऊ वर्षांची असताना झालेल्या आईच्या ऑपरेशनची दुपार होती. डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी बोलून गेले, आणि मी तुला म्हणालो, सगळं ठीक आहे, मी चहा घेऊन येतो, तू इथेच बस. तू लिहिलं होतंस, बाबा कोणाच्याही बोलण्यावर कधी विश्वास ठेवत नाहीत, म्हणून मीही ठेवला नाही, त्यांच्या मागे गेले. आणि जिन्यात बाबा उभे होते, बुटाची नाडी सोडत होते आणि बांधत होते, पुन्हा सोडत होते. पुढे काही नाही, तिथेच संपवलं होतंस. एका चष्मेवाल्या मुलीचं म्हणणं पडलं की इतकं कोरडं नको, बाप रडला असं स्पष्ट लिहायला हवं. लांब मानेच्या मुलाने विचारलं की जिन्याला दार असणार आणि ते लोटलेलं असणार, मग मुलीला नाडी दिसली कुठून. प्रश्न बरोबर होता, मीही तोच विचारला असता. कात्रीबाई तुला म्हणाल्या, एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर दे. तू उठलीस आणि म्हणालीस, दाराला काच होती.

काच होती, ठमे. हातभर उंचीची, मधोमध तडा गेलेली. ती त्या पोराला माहीत असणं शक्य नाही, तुझ्या आईला माहीत नाही, मी जन्मात कोणाला सांगितलेली नाही. मला माहीत आहे, कारण तिच्यातून कोणी माझं तोंड पाहील म्हणून मी खाली वाकलो होतो. तुझा वर्ग सुटायच्या आत मी निघालो. गाडीत बसल्यावर तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं, आणि या वेळी तपासायला नाही. तेव्हा हे उत्तर. लेखनाचा विषय घे. पत्रं तूच लिहितेस हे मला पटलंय, आणि मला काही पटवणं किती कठीण आहे हे कात्रीबाईंना माहीत नसेल, पण तुला आहे. फक्त त्या चष्मेवालीचं ऐकू नकोस. रडलो होतो मी. पण ते घालू नकोस, नाडीच राहू दे.

तुझाच, खिडक्यांच्या कड्या बघणारा,
बाबा