पान्याचा सकाळचा फेरा

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. भिंगरीचं ऑपरेशन झालं. अपघातानंतर लेकीचा डावा पाय आखूड राहिला होता ना, तो वाढवायला घेतलाय. हाड मुद्दाम कापलंय, भोवती लोखंडी कडी बसवलीत. त्यांचे स्क्रू छोट्या पान्याने सकाळ-संध्याकाळ फिरवायचे. तुकडे एकमेकांपासून केसभर लांब सरकतात, मधली फट नव्या हाडाने भरते. काळजी आतल्या नसेची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळू ओढली तर नस त्या ताणानेच वाढते, घाई केली तर मुकी होते आणि पाऊल लुळं पडतं.

सकाळचा फेरा ह्यांच्याकडे, संध्याकाळचा माझ्याकडे. हे रात्रभर बेकरीत भट्टीपुढे. घरी येतात तोवर मी कारखान्यात कॉलरी शिवत असते. आमची गाठ पडते ती संध्याकाळी जिन्यात. पाना हातात घेतला की ह्यांचा चेहरा पांढराफटक पडतो म्हणे, भिंगरी सांगते, तरी करतात बिचारे. मी फार दमलेय गं.

तुझी,
छकू

१६ जानेवारी

चि. छकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दुकानातच डोळे पुसले. समोरच्या गिऱ्हाइकाला लोकरीचा भाव दोनदा सांगावा लागला. इंजेक्शनचं नाव काढलं की ज्यांना बसायला खुर्ची लागते, ते आमचे भट्टीवाले स्क्रू फिरवतात म्हणजे कमालच आहे. शाबासकी सांग त्यांना.

भिंगरीसाठी मोजा पाठवतेय, एकच, कड्यांवरून जाईल असा ढगळ. आणि तू सगळ्यांचं सगळं अंगावर ओढून घेऊ नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. जेवत जा वेळेवर.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. भिंगरीला पायाची बोटं वर उचलता येईनात. मोजा चढवताना पावलावर माझं नख ओरखडलं, तिला पत्ताच नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, तर फट हवी त्याहून मोठी. सकाळी फेरा कोण देतं, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, मी. माझ्याही तोंडून निघालं, मी.

ह्यांना ते बघवत नाही म्हणून कामावर निघताना मीच उरकून जायचे. झालंय म्हणून बाबांना सांग, असं भिंगरीला बजावायचे. ती गोळीच्या गुंगीत हुं म्हणायची आणि झोपायची. मग हे यायचे आणि जीव मुठीत धरून पुन्हा फिरवायचे. जिन्यात मी विषय काढला नाही, उगाच ओशाळतील म्हणून. फिरवताना किती धास्ती वाटते ते त्यांनीही कधी सांगितलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

आता थोडे उलटे फेरे द्यायचे आणि थांबायचं. नस परत जागी होईल का, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागतं. तुझं ऐकायला हवं होतं.

छकू

२१ मार्च

सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे तुमच्या काळजात धस्स झालं असेल. तसं काही नाही.

स्क्रू बंदच आहेत. पाय थोडा आखूड राहणार. बुटाला जाड तळ लावू, असं भिंगरीनेच सांगून टाकलं. पण पाऊल मुकंच होतं. काही जाणवतंय का, रोज विचारायचं, रोज ती नाही म्हणून मान हलवायची. शेवटी आम्ही विचारायचंही सोडलं.

काल छकूला सुट्टी होती, दुपारी भिंगरीने हाका मारल्या. पावलाला खाज सुटली होती, अगदी जीव नकोसा करणारी. पाऊल वर धरायला पट्टे बांधलेत, त्यांच्याखाली बोट जाईना. तुमच्या मोज्यात विणायची एक सुई चुकून राहिली होती, ती आठवली. मी ती आत सरकवून खाजवायला लागलो. छकू फूटपट्टी घेऊन आली आणि दुसऱ्या बाजूने लागली. भिंगरी रडत होती आणि थांबू नका म्हणत होती. तू राहू दे, मी करतो, असं मी छकूला म्हणालो नाही. तीही मला म्हणाली नाही.

सुई इतक्यात परत मिळायची नाही. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

आपला,
भट्टीवाला