हेडफोनमध्ये वाजतं तरी काय?

आई,

शाळेत चालली, जादा तास आहे. डबा घेतला. पण तुझ्यावर माझा डाउट आहे, तो लिहूनच जाते.

तुझ्या छातीतली धडधड कमी व्हावी म्हणून अमरावतीच्या डॉक्टर मॅडमनी रोज अर्धा तास शांत संगीत ऐकायला सांगितलं. तीन आठवडे झाले, तू हेडफोन लावून हार गुंफत बसते. काल म्हटलं, आपणही ऐकून पाहू. तर तो सुरूच होईना! चार्जिंगची वायर अजून खोक्यात, पिशवीसुद्धा फाडलेली नाही. मग तू ऐकते काय?

रविवारी आत्या तुझ्यासमोरच बाबाले म्हणे, "वैनीले काही झालं नाही, कामाचा कंटाळा आहे." तेव्हा तुझ्या हातातली शेवंती खाली पडली. तू आमचंच बोलणं ऐकून राहिली ना? अशानं धडधड कशी थांबेल?

हेडफोन चार्जिंगला लावला आहे. आज हार राहू दे, दार लाव आणि खरंच संगीत ऐक. आत्याशी मी बोलते. भाषणात पहिली आल्यापासून मी कोणाले भीत नाही. आणि बाबा तेव्हा काहून गप्प बसले, तेही विचारते.

तुझी गीतू