पाणपोईची पाटी

जळगाव,
१२ मे १९९५

तीर्थरूप नाना यांस,
देवचंदचा सविनय जयभीम. वि. वि.

आपले पत्र मिळाले. डोळ्याची पट्टी निघाली हे वाचून आम्हा दोघांनाही बरे वाटले. अजून महिनाभर उन्हात निघू नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे ना, मग ते पाळावे. आपण रिटायर झालात हे एस.टी.च्या वर्कशॉपला अजून कळले नसेल आणि कोणी गाडीची पाटी रंगवून मागायला आले, तर कुंदाचे म्हणणे आहे की ब्रश मायजवळ कुलपात द्यावेत.

कुंदाला थोडी कणकण आहे. उन्हाळ्याचे आहे, काळजीचे कारण नाही. म्हणून या वेळी पत्र मी लिहीत आहे. तिचा लेख छापून आला. धुळ्याच्या मुलीला आकाशातही धूळच सापडली, असे मी म्हटले. त्यावर ती म्हणाली की नाना पाटी रंगवण्याआधी फडक्याने पुसून घेतात, तेवढीच विद्या ती घेऊन निघाली आहे.

इकडे रावेर भागात केळीला बरा भाव आला. वादळात पुष्कळ बागा आडव्या झाल्या होत्या, पण उरलेला माल दिल्लीकडे गेला आणि वॅगनही वेळेवर मिळाल्या. आता पुढच्या कापणीचे काय होते ते पाहायचे.

एवढ्या उन्हात आपण इकडे येण्याची घाई करू नये. पाऊस पडला की आम्हीच येऊ. मायला जयभीम सांगावा. आपली माया आहे तशी राहावी.

आपला,
देवचंद


देवपूर, धुळे,
९ जुलै १९९५

चि. देवचंदराव यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कुंदाच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आलात, पण आपले बोलणे झाले नाही. माणसे पुष्कळ होती. मला समोर बसून बोलायला जमत नाही, म्हणून लिहितो.

मी जळगावला पोचलो तेव्हा कुंदाने मला ओळखले नाही. माझ्या डोळ्यावर हिरवा चष्मा होता म्हणून ओळखले नसेल असे मी रुक्माला सांगितले. कावीळ तिला एप्रिलपासून होती, हे मला दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितले. घरातल्या कोणी सांगितले नव्हते.

मी रागावलेलो नाही. जे व्हायचे ते झाले. पण एक मागणे आहे. यापुढे कुंदाबाबत माझ्यापासून काही लपवू नका. वाईट असेल तरी सांगा. मला सोसवेल की नाही ते मी पाहीन.

दुसरे असे की, त्या दिवशी बौद्धाचार्यांनी विचारले, मुलीने कशाचे संशोधन केले. मी म्हणालो, आकाशाचे. पुढे मला काही सांगता येईना. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. तरी साध्या भाषेत लिहून पाठवा.

जेवणखाण वेळेवर करा. मायेत अंतर पडू देऊ नका, आमच्याकडून पडणार नाही.

तुमचा,
आधार नाना


जळगाव,
२० ऑगस्ट १९९५

तीर्थरूप नाना यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कॉलेज सुरू झाले आहे. वर्गात जातो, शिकवतो, घरी येतो.

आपल्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. नानांनी डोळ्यांतून पाणी काढता कामा नये, टाके आहेत, असे म्हणून कुंदाने माझ्याकडून वचन घेतले होते. तिला वाटत होते की ती बरी होईल. मलाही तसेच वाटले. एवढेच सांगू शकतो.

तिच्या कामाचे लिहितो. आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या घोळक्यात आहे तसे असंख्य घोळके आकाशात आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. काही दीर्घिका धुळीने इतक्या भरलेल्या असतात की आतला उजेड बाहेर येत नाही. धूळ तो पिऊन टाकते आणि स्वतः तापते. ती ऊब डोळ्यांना दिसत नाही, पण १९८३ साली सोडलेल्या एका उपग्रहाने ती मोजली. ऊब प्रचंड निघाली. मग प्रश्न पडला की आत एवढे काय पेटले आहे. एकतर ढीगभर नवे तारे असतील, नाहीतर मधोमध एक राक्षसी कृष्णविवर असेल. कृष्णविवर स्वतः काळे, पण त्याच्यात पडणारा वायू पडता पडता भयंकर तापतो आणि पेटतो.

कुंदा म्हणायची की चुलीवर राख ओढलेली असली तरी वर हात धरला की आत विस्तव आहे हे कळते. पण तो गोवरीचा की लाकडाचा, हे हाताला कळत नाही. तिने एक दीर्घिका निवडली, तिच्या उबेचे आकडे तपासले आणि लेखात लिहिले की इथे आत कृष्णविवर आहे. अजून राख बाजूला करून कोणी पाहिलेले नाही. युरोपातले लोक या हिवाळ्यात एक नवी दुर्बीण आकाशात सोडणार आहेत, तिच्यातून ते कळेल. कुंदाची खात्री होती.

मायच्या गुडघ्यांना आराम पडला का ते कळवावे. आपण आहात म्हणून मला धीर आहे, तो देत राहावा.

आपला,
देवचंद


देवपूर, धुळे,
१७ मार्च १९९६

चि. देवचंदराव यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचे मागचे पत्र मी पुष्कळदा वाचले. रुक्मालाही वाचून दाखवले. एक काम तुम्हाला न विचारता केले आहे, ते कळवतो.

पांझरेच्या पुलाकडून कॉलेजला जाणाऱ्या रस्त्यावर कुंदाच्या नावाने पाणपोई घातली. पत्र्याची शेड, चार रांजण, वाळ्याची पुडी. पाटी मी रंगवली. डोळ्यांना अजून बारीक दिसत नाही, पण मोठ्या अक्षराला हात चुकत नाही. निळ्यावर पांढरे इनॅमल आहे. मजकूर असा: कालकथित डॉ. कुंदा देवचंद यांच्या स्मरणार्थ. त्याखाली: धुळीआडच्या दीर्घिकेत कृष्णविवराचा शोध लावणाऱ्या. तिच्या नावापुढे तुमचे नाव घालावे की माझे, यावर मी दोन दिवस अडलो होतो. रुक्मा म्हणाली, दिल्या घरचे नाव घाला.

वर्कशॉपमधले पुना मिस्त्री पाणी प्यायला आले. पाटी वाचून म्हणाले, नाना, कृष्णविवर रांजणाला तर नाही ना लावले, पाणी लवकर संपी ऱ्हायनं. मला हसू आले. नंतर ते शेडमागे जाऊन डोळे पुसत होते.

रुक्मा रोज स्वतः पाणी वाढायला ओगराळे घेऊन बसते. तिला वाचता येत नाही, पण पाटी तोंडपाठ आहे. पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला सांगते, मन्ही पोरनी आभायमा काळं भगदाड शोधी काढं. कॉलेजची मुले ऐकून घेतात. कुंदा गेल्यापासून ती घरात बोलतच नव्हती. आता बोलते.

ती दुर्बीण सुटली का? कुंदाच्या दीर्घिकेची पाळी कधी आहे?

एकदा येऊन पाटी पाहून जा. घर तुमचेच आहे हे विसरू नका.

तुमचा,
आधार नाना


जळगाव,
७ एप्रिल १९९६

तीर्थरूप नाना यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पाणपोईचे वाचले. मी येऊन पाहीन.

दुर्बीण नोव्हेंबरातच सुटली आणि नीट चालू आहे. पुण्याच्या इंदिराबाई, म्हणजे कुंदाच्या मार्गदर्शक, यांनी कळवले की कुंदाची दीर्घिका यादीत आहे, पण पाळी यायला वेळ लागेल. शोध लावणाऱ्या असे लिहिण्याआधी थोडे थांबायला हवे होते, असे एकदा मनात आले. पण मायचे वाचले आणि तो विचार सोडला. पाटी आहे तशी राहू द्यावी.

उन्हात फार वेळ उभे राहू नये. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
देवचंद


जळगाव,
७ डिसेंबर १९९७

तीर्थरूप नाना यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आपली दोन्ही पत्रे मिळाली. परीक्षांच्या कामामुळे उत्तर राहून गेले. माझी प्रकृती ठीक आहे. आईचा दमा थंडीमुळे वाढला आहे, पण औषध चालू आहे.

दुर्बिणीचे आपण विचारले. तसे विशेष काही नाही. ही कामे सावकाश चालतात.

थंडी यंदा लवकर पडली. केळीला करपा आला असे लोक सांगतात. यावल भागातल्या मालाला तरी उठाव आहे, पण वॅगनची अडचण आहे. ट्रकवाले मागतील ते भाडे द्यावे लागते. पुढच्या महिन्यात भाव सुधारेल असे वाटते.

मायला जयभीम. आमची आठवण असू द्यावी.

आपला,
देवचंद


देवपूर, धुळे,
१४ डिसेंबर १९९७

चि. देवचंदराव यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र वाचले. मग पेटी उघडून तुमचे जुने पत्र काढले, कुंदाला कणकण आहे असे लिहिलेले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली.

देवचंदराव, तुमच्याकडे केळी नाही. तुमच्या वडिलांकडेही नव्हती. तुम्ही मला आजवर एवढी पत्रे लिहिली, त्यात केळीचा भाव फक्त दोनदा आला आहे.

काय झाले आहे ते लिहा. आता तिला आणखी काही होण्यासारखे राहिलेले नाही, म्हणून भिऊ नका.

तुमच्या आईंची काळजी घ्या. थंडीत त्यांना पहाटे उठू देऊ नका.

तुमचा,
आधार नाना


जळगाव,
४ जानेवारी १९९८

तीर्थरूप नाना यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आपण ओळखलेत. लिहितो.

दुर्बिणीने कुंदाची दीर्घिका पाहिली. इंदिराबाईंचे पत्र मला दिवाळीनंतर लगेच आले. धुळीत काजळीसारखे बारीक कण असतात, त्यांच्या खुणा प्रकाशात उमटतात. पेटलेल्या कृष्णविवराजवळ हे कण टिकत नाहीत, जळून जातात. कुंदाच्या दीर्घिकेत ते सगळे शाबूत आहेत. म्हणजे आत तारेच आहेत. विस्तव गोवरीचाच निघाला.

मी इंदिराबाईंना विचारले की थोडेतरी कृष्णविवर असेल का. त्या म्हणाल्या, तळाशी कुठे असेलही, पण ती ऊब त्याची नाही. काही दीर्घिकांत कृष्णविवर सापडले आहे. तिच्या नाही. परदेशातल्या लोकांनी हे छापले. त्यात कुंदाच्या लेखाचे नाव आहे आणि पुढे लिहिले आहे की तो निष्कर्ष बरोबर दिसत नाही. एका ओळीत काम संपवले आहे. ती असती तर दुसऱ्या दिवशी नवे आकडे घेऊन बसली असती. आता तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही, आणि बोलण्यासारखे काही नाही. मी आकडे स्वतः तपासले. त्यांचेच बरोबर आहे.

आपण लपवू नका म्हणून सांगितले होते. मी पुन्हा तेच केले. पत्र लिहायला तीनदा बसलो. दर वेळी पाटी डोळ्यांपुढे आली आणि माय ओगराळे घेऊन बसलेली दिसली.

रागवावे, पण पत्र बंद करू नये.

आपला,
देवचंद


देवपूर, धुळे,
२२ मार्च १९९८

चि. देवचंदराव यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही खरे लिहिलेत, बरे केलेत. उत्तराला वेळ लागला. ऊन वाढेपर्यंत पाणपोई बंद होती, तोवर मी काही केले नाही.

मागच्या आठवड्यात रांजण भरायच्या आधी पाटी उतरवली. खोटे असेल ते रस्त्यावर ठेवायचे नाही. पिंपळनेरच्या गाडीवर मी एकदा चुकून साक्री लिहिले होते, तेव्हा गाडी फाटकातून माघारी बोलावली होती. खालची ओळ पॉलिश पेपरने घासली, निळा हात दिला आणि नवी अक्षरे काढली. आता असे आहे: धुळीआडच्या दीर्घिकांचा अभ्यास करणाऱ्या. एवढे तर खरे आहे ना? नसेल तर कळवा, तेही पुसतो.

इनॅमल जुने होते, पूर्ण निघाले नाही. दुपारी काही दिसत नाही. पण संध्याकाळी ऊन तिरपे आले की जुन्या अक्षरांच्या कडा वर येतात. शोध हा शब्द तर बोटालाही लागतो. पत्रा बदलायला हवा, पण तो मी बदलणार नाही.

रुक्माला सांगायचे मी ठरवले होते. तुम्हाला मोठ्या तोंडाने लपवू नका म्हणालो, तेव्हा मीही लपवू नये असे वाटले. मी पाटी टांगत होतो आणि ती ओगराळे घासत होती. पाटी काब्र उतारी व्हती, असे तिने विचारले. मी म्हणालो, उन्हाने रंग उडाला होता.

तेवढ्यात कॉलेजच्या दोन मुली पाणी प्यायला आल्या. रुक्माने त्यांना नेहमीप्रमाणे सांगितले की आपल्या पोरीने आभाळात भगदाड शोधून काढले. एक मुलगी पाटीकडे पाहून मग माझ्याकडे पाहू लागली. मी खाली बघितले.

घरी येताना वाटभर मी रुक्माला कापसाच्या भावाबद्दल सांगत होतो. नरडाण्याकडे काय भाव फुटला, व्यापारी काय म्हणतात, पुढे काय होईल. ती ऐकत होती. आपल्याकडे कापूस नाही, देवचंदराव.

सवड काढून या. रुक्मा कळण्याची भाकरी करीन म्हणते. तुमच्यावर आमचा जीव आहे, तो समजून घ्या.

तुमचा,
आधार नाना