अकरा महिने आधी

प्रिय मारेन,

लिहू नकोस म्हणाली होतीस, तरी लिहितोय. तुझं ऐकायचं मला कधी जमलं? आमची बोट दोन दिवस डुलुथच्या धक्क्याला आहे, खनिज भरलं की निघेल.

काल खानावळीत तुमच्या ऑफिसातल्या डोलोरेसबाई भेटल्या. तू एक तारखेपासून घरमालकांच्या वकिलांकडे नोकरीला जातेस म्हणाल्या. तीन हिवाळे ज्यांच्याशी भांडलीस, त्यांच्याकडेच. त्या म्हाताऱ्या हॅल्व्होर्सनबाईंना ऐन बर्फात घराबाहेर काढू दिलं नाहीस, त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून तू माझ्या डब्यातलं सगळं संपवलंस आणि वर म्हणालीस, मीठ कमी आहे. इतक्या आनंदात मी तुला पुन्हा पाहिलं नाही.

मग डोलोरेसबाईंनी कारण सांगितलं. गरिबांचे खटले लढणाऱ्या वकिलांना शिक्षणाचं कर्ज फेडायला संस्था मदत देते, त्या यादीतून तुझं नाव कापलं. कुणीतरी तुझे अकरा हप्ते आधीच भरून टाकले, त्यामुळे कागदोपत्री पुढचे अकरा महिने तुला देणंच उरलं नाही, आणि देणं नाही त्याला मदत नाही. एकदा नाव गेलं की सहसा परत लागत नाही. त्यानंतरचे हप्ते त्या तुटपुंज्या पगारातून कुठून भरणार तू?

तुझ्या वाढदिवसाला तुझे वकील मित्र मला विचारत होते, कॉलेज कितव्या वर्षी सोडलंस. एक म्हणाला, "जाऊ दे रे, तो बोटीवरचा आहे." सगळे हसले, तूही हसलीस. मी बशी आपटून निघालो. दारात तू म्हणालीस, आता येऊ नकोस, लिहूही नकोस.

मारेन, ते पैसे मी भरले. तुझ्या फ्रिजवर चिकटवलेल्या कर्जाच्या पत्रावरून खातेक्रमांक कधीच टिपून ठेवला होता. सगळ्या सीझनचा पगार त्यात घातला. अंगठी घेऊन येईन तेव्हा सांगू, असं ठरवलं होतं. काल हे कबूल केल्यावर डोलोरेसबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मूर्खा, बुडवलंस की रे तिला." नाव परत लावायला अपील करता येतं, त्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, असं त्यांनीच सांगितलं. हप्ते घरच्या किंवा जवळच्या माणसाने भरले असतील तर ऐकत नाहीत, परक्याने न विचारता भरले असतील तरच ऐकतात. सोबत पावती आणि माझा जबाब जोडलाय. त्यात शपथेवर लिहिलंय की या बाईंशी माझं कसलंही नातं नाही. सही करताना कारकुनाने विचारलं, हे खरं आहे ना? मी हो म्हणालो. जबाब तेवढा ठेव, हे पत्र फाडून टाक.

तुझाच, आणि हे शेवटचंच लिहितोय,
एमेट