आमच्या घरचा फोन कोणी व केव्हा उचलावा याबाबत

मी, मायाप्पा परशराम शिंगे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त लाइनमन, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या हाताने, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी गंगव्वा हिचे याबाबतचे मत वेगळे आहे. पण ते लग्नापासूनच वेगळे असल्याने कायद्याने त्याची दखल घेऊ नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी मुलगी रचना बेळगावात वकील आहे, तिने एक मसुदा पाठवला होता. तो फार कोरडा वाटला, म्हणून त्यातले फक्त कलमांचे आकडे घेतले आहेत.

कलम १. निपाणीतील राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडवी आणि वरचा स्लॅब, माझ्यामागे गंगव्वाचे. तिच्यामागे रचना आणि माझा मुलगा आयुष यांचे निम्मे निम्मे. दारातला लोखंडी खांब घराचा नाही, खात्याचा आहे. तो मी स्वतः १९९२ साली रोवला आणि दर चौदा एप्रिलला त्याला रंग देतो, तरी तो खात्याचाच आहे. त्यावर कोणी कपड्यांची दोरी बांधू नये. गंगव्वाने बांधली आहे ती राहू द्यावी. ती सोडायला सांगण्याची हिंमत मला झाली नाही, तुम्हालाही होणार नाही.

कलम २. बँकेतील ठेव गंगव्वाची. रक्कम इथे लिहीत नाही, कारण दोन्ही साक्षीदार याच गल्लीतले आहेत. पुस्तकांचे कपाट विहाराच्या वाचनालयास द्यावे, कुलपासकट.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे दोन पकडी, खांबावर चढताना कमरेला बांधायचा पट्टा आणि तारेला लावून तपासायचा फोन, ही आयुषला. त्याच्या ती काही उपयोगाची नाहीत. तो बेळगावात इंटरनेटची काचेची तार जोडतो, केसाएवढी, आणि तीही खुर्चीवर बसून. मी छत्तीस वर्षे लटकून जोडण्या केल्या. तरी वर्षातून एकदा त्याने पकडींना तेल लावावे. माझी बांबूची शिडीही त्याचीच, परंतु ती सध्या ज्योतिबा सनदी यांच्याकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ती दोन दिवसांसाठी नेली होती. ज्योतिबा हे या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने सही करण्यापूर्वी त्यांनी हे कलम सावकाश वाचावे.

कलम ४. फोन. हे कलम लांबणार आहे, कारण सगळे मृत्युपत्र त्यासाठीच लिहायला घेतले.

माझी थोरली बहीण मालुबाई, वय ब्याऐंशी, कागलजवळच्या गावात असते. आई लवकर गेली. आक्का अकराव्या वर्षापासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जात होती, आणि मी शाळेत. ती शाळेची पायरी कधी चढली नाही. मी जो काही झालो तो तिच्यामुळे झालो.

तिचे गाव बसने अर्ध्या-पाऊण तासावर, पण मध्ये राज्याची हद्द. त्या काळी तेवढ्याशा अंतरालाही एस.टी.डी.चे, म्हणजे लांबच्या कॉलचे, पैसे पडायचे. म्हणून १९९२ साली घरी फोन आला तेव्हा आम्ही बहीण-भावाने एक ठरवले. रोज सकाळी सातला तिने दारासमोरच्या बूथवरून आमचा नंबर लावायचा आणि दोन रिंगा झाल्या की ठेवायचा. मग मी बूथवर उलट दोन रिंगा द्यायच्या. दोन रिंगा म्हणजे खुशाल. उचलायचा कोणी नाही. तिसरी वाजली तरच उचलायचा, कारण तिसरी म्हणजे कोणीतरी आजारी किंवा कोणीतरी गेले. आक्काला आकडे वाचता येत नाहीत. बोट कुठून कुठे न्यायचे ते मी तिला बूथवर उभे करून शिकवले. आता तिच्याकडे बटणांचा मोबाईल आहे, पण बोटाची वाट तीच आहे. नंबर बदलला तर आक्काला आमचे घर सापडणार नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

मी मोबाईलवर हे करून पाहिले. आमच्या घरात तो स्वयंपाकघरात कर्नाटकाचा टॉवर पकडतो, पडवीत महाराष्ट्राचा, आणि मधल्या खोलीत कोणाचाच नाही.

दोन वर्षे आयुष माझ्यामागे लागला होता, की तांब्याच्या तारेवरचा फोन सोडा आणि इंटरनेटवरचा घ्या. खाते नंबर तोच ठेवून देते, आवाजही स्वच्छ येतो. मी म्हणत होतो, वीज गेली की तुझा इंटरनेटचा डबा गेला. तांब्यात एक्स्चेंजचीच वीज असते, घर अंधारात असले तरी फोन चालतो. हे खरे आहे आणि मी ते शेवटपर्यंत म्हणणार. यावरून आमच्या घरात दोन वेळा जेवणाची ताटे तशीच राहिली.

गेल्या मार्चमध्ये रस्ता खणताना आमच्या गल्लीची केबल तुटली. त्याच वेळी मला एका लग्नासाठी चार दिवस संकेश्वरला जावे लागले. परत आलो तर फोन चालू. खात्याने इतक्या झटपट जोडणी केली म्हणून माझा ऊर भरून आला. पुढचे सात आठवडे मी येईल त्याच्या कानाला रिसीव्हर लावून म्हणत होतो, "ऐका, तांबं ते तांबं!" तेव्हा गंगव्वा तोंडाला पदर लावून आत का जायची, हे मला कळले नाही.

एवढेच खटकत होते की आक्काच्या रिंगा कमी पडू लागल्या. कधी दोन, कधी दीड. दीडला मी दोन धरत होतो. मग एक दिवस एकच वाजली, दुसऱ्या दिवशीही एकच, आणि तिसऱ्या दिवशी सात वाजून गेले तरी काहीच नाही. मी फोन लावला नाही. वाजत राहिला आणि कोणी उचललाच नाही तर काय, या भीतीने माझे बोट बटणावर जाईना. गंगव्वाची चप्पल पायात घालून मी बस पकडली, आणि कागलपर्यंत सगळी वाट आक्काच आठवत होती.

आक्का पिशवी भरून दारात उभी.

"तुज्या रिंगा आल्या न्हाईत म्हणून मीच निघालते की रं," ती म्हणाली. "आणि ही बाईची चप्पल कुणाची घातलीयास?"

"तू का वाजिवली न्हाईस?"

"वाजिवल्या की! मोजून दोन. रोज वाजिवते."

मी तिचा मोबाईल घेऊन घरी लावला. कानात रिंग सुरू झाली, पण सुरू होण्याआधी मधे एक बारीकसा पोकळ क्षण गेला. छत्तीस वर्षे तारेवर काढलेल्या माणसाला तो उभ्या उभ्या कळला. इंटरनेटचा फोन आमचे घर शोधेपर्यंत आक्काच्या कानात दोन रिंगा होऊनही जात होत्या. आमच्याकडे वाजायच्या आत ती ठेवून मोकळी. हे तांबे नव्हते.

आक्काला घेऊन घरी आलो आणि फोनच्या तारेमागे जात पुस्तकांचे कपाट ओढले. मागे एक डबा हिरवा दिवा लुकलुकवत बसला होता, आणि माझ्या फोनची तार त्यात खोचलेली होती. गंगव्वा म्हणाली, "माज्याकडं बघू नका. पोरानं केलंय." संध्याकाळी पोरगा बेळगावहून आला.

"आप्पा, तांबं मार्चपासनं मेलंय," आयुष म्हणाला. "तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी या वयात खांबावर चढला असता."

चढलो असतो, हे मी इथे कबूल करतो. पण त्या वेळी मी फार बोललो. माझ्या घरात, माझ्या फोनला, माझ्या पाठीमागे, असे बरेच. आयुष खाली मान घालून ऐकत होता. आक्का चहात पाव बुडवत होती. ती म्हणाली, "हिकडं रिंगा कमी वाजत्यात न्हवं? मग मी जास्ती वाजिवते. त्यात काय एवढं?"

दोन वर्षांचे भांडण तेवढ्यावर मिटले. तेव्हापासून आम्ही दोघेही चार वाजवतो, पलीकडे दोन पोचतात, कधी तीन; त्यामुळे आता तिसरीला नाही, चौथी वाजली तरच उचलायचा. म्हणून माझी इच्छा अशी: तांब्याची जोडणी खात्याला परत करावी. इंटरनेटवरचा फोन ठेवावा. आक्का आहे तोवर नंबर बदलू नये. डब्याला बॅटरी लावली आहे, ती आयुषने दर वर्षी तपासावी. तांबे चांगले होते.

कलम ५. आयुष म्हणतो, या फोनवर रोज सातला आपोआप रिंग जाईल असे लावता येते. तुमच्यामागे आत्याला कळणारसुद्धा नाही. त्याचा हेतू चांगला आहे, पण हे करू नये. माझ्या जागी यंत्राने आक्काला खुशाली कळवलेली मला चालणार नाही. मी गेल्यावर तिला फोनवर सांगू नये. रचनाने गाडी घेऊन जावे, शेजारी बसून सांगावे आणि तिला घेऊन यावे. विधी साधा करावा. त्यानंतरही आक्का सवयीने सातला फोन लावेल. तो उचलावा. घरात जो असेल त्याने उचलावा, आणि तिच्याशी बोलत बसावे. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत.

हे कलम गंगव्वाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग तुमी जित्तं हाय तवर का बोलत न्हाय?"

साक्षीदार येऊन बसले होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिले. मी फोन लावला आणि चौथ्या रिंगेनंतर ठेवला नाही. सहाव्या रिंगेला आक्काने उचलला.

"कोण गेलं रं?"

"कोण न्हाय, आक्का. उगंच लावलाय."

"उगंच?"

ती म्हणाली, "थांब हां, ठिवू नको. चुलीवरची भाजी उतरून आले."

वरील कारणाने सही करण्यास एक तास दहा मिनिटे उशीर झाला, त्याची नोंद घ्यावी.

(सही) मायाप्पा परशराम शिंगे

मायाप्पा शिंगे यांनी आमच्यासमोर, शुद्धीवर असताना व हसत सही केली. तोपर्यंत आम्ही दोनदा चहा घेतला.

साक्षीदार:
१. (सही) ज्योतिबा शामू सनदी. कलम ३ वाचले.
२. (सही) उपेंद्र श्रीपाद हुक्केरीकर, निवृत्त शिक्षक

स्थळ: निपाणी
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५